डाव्या खांद्यावरच्या ढलप्या

१

'फेथफुल'चं पोट फाडलं आणि आतून माणूस निघाला.

पन्नास तोफांची युद्धनौका होती ती. अडतीस वर्षांची. तिने राजासाठी फ्रेंचांचे गोळे खाल्ले, वेस्ट इंडीजच्या तापात निम्मी माणसं समुद्राला दिली, बिस्केच्या वादळात कूस उघडून एकतीस खलाशी खालच्या मजल्यावर बुडवले. म्हातारपणी डोलकाठ्या उपटून तिचा तरंगता तुरुंग केला. आणि १७९९च्या मार्चात तिला सॉल्टरीचच्या चिखलात मोडायला आणून टाकलं. राजाची नोकरी अशीच. जहाजाची काय नि माणसाची काय. अंगात ओल धरली की कुऱ्हाड.

मोडणाऱ्यांत जेथ्रो हॅम्बल होता. सदुसष्ट वर्षांचा. वीस वर्षं तो याच जहाजाचा सुतार होता आणि आता रोजावर तिचेच सांधे सुटे करत होता, कारण कुठला बोल्ट कुठे बसलाय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या सकाळी तळाच्या उजव्या कुशीला, आतल्या अंगाने, त्याला एक आखूड फळी दिसली. अडीच हातांची. त्याने पहार घातली. फळी सुटली, आणि जहाजाच्या दोन बरगड्यांमधल्या पोकळीत गुडघे हनुवटीला लावून बसलेला हाडांचा सापळा पुढे कलंडला.

गड्यांनी टोप्या काढल्या.

"तुरुंगातला फ्रेंच असेल," एकजण म्हणाला. "पळायला बघत असेल बिचारा."

"पळणारा स्वतःवर बाहेरून फळी ठोकत नाही," जेथ्रो म्हणाला. "डोकं चालव."

कवटी मागून फुटलेली होती. पायांत चामडी बूट होते, कमरेला पट्ट्याचं बक्कल होतं. पण अंगात कोट असावा असं काही दिसेना. जेथ्रोने पोकळीतली माती बोटांनी चाळली. एकही बटण मिळालं नाही. मिळाली ती उजव्या मुठीच्या हाडांत अडकलेली तांब्याची टोपी. बोल्टचं डोकं. त्याच्याखाली जेमतेम अंगठ्याएवढा दांडा, तोही सफाईने कापलेला.

असला बोल्ट बाहेरच्या फळीतून, बरगडीतून, आतल्या फळीतून आरपार जायला हवा, हातभर लांब. नुसतं डोकं ठोकलं तर वरून सगळं ठीक दिसतं. आत जहाज हवेवर उभं असतं.

जेथ्रोच्या कानात बिस्केचं वादळ सुरू झालं. त्या रात्री खालच्या मजल्यावरून आलेले आवाज त्याने बारा वर्षं ऐकले होते. सगळे म्हणाले होते, जहाज म्हातारं, काय करणार.

मग त्याची नजर सापळ्याच्या डाव्या खांद्यावर गेली. हासळीचं हाड मोडून वाकडं सांधलेलं होतं, पोराने बांधलेल्या गाठीसारखं. हे हाड मोडताना त्याने पाहिलं होतं. लढाईत डोलकाठीचा तुकडा कोसळला होता आणि दारू प्यालेल्या शल्यवैद्याने ते जसं बसेल तसं बसवलं होतं.

टोबायस लग. त्याचा हाताखालचा सुतार. चौदा वर्षांपूर्वी, पलीकडच्या गोदीत 'फेथफुल'ची मोठी दुरुस्ती चालू असताना पळून गेलेला टोबी. ज्याच्या नावापुढे आरमाराच्या वहीत 'पळाला' असं लिहिलं गेलं.

आणि ते लिहिलं गेलं एका साक्षीवर. टोबीला संध्याकाळी गोदीच्या फाटकातून बाहेर पडताना एका माणसाने पाहिलं होतं. बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं.

तो माणूस जेथ्रो हॅम्बल होता.

२

हाडं अजून नीट गोळाही झाली नव्हती तोवर चिखलातून गाडा आला. मागोमाग गिडियन फ्रेक. तेव्हा गोदीचा मुकादम, आता गोदीचा मालक आणि चर्चचा विश्वस्त. तोंडात लोणी.

"कुणी अभागी जीव असेल," फ्रेक म्हणाला. "कॉरोनर थॉरल्डना निरोप गेलाय. उद्या सकाळी चर्चमध्ये चौकशी उरकू. मग भिकाऱ्यांच्या कोपऱ्यात पुरू. खर्च माझा."

"फार लवकर कळलं तुम्हाला, साहेब."

"गाव लहान आहे, हॅम्बल."

जेथ्रोने मूठ वळली. मुठीत बोल्टचं डोकं होतं. ते त्याने फ्रेकला दाखवलं नाही.

तिथून तो थेट हेस्टर लगकडे गेला. ती खाडीच्या कडेला लोकांचे कपडे धूत होती. चौदा वर्षं तेच करत होती. पळपुट्याच्या बायकोला गावाने एवढंच काम ठेवलं होतं. चर्चच्या मदतीतून तिचं नाव कापलं होतं फ्रेकनेच, देवाच्या नावाने. तिच्या मुलीला चांगल्या घरात मोलकरीण म्हणूनसुद्धा घेत नसत.

"सुतारमास्तर," ती मान वर न करता म्हणाली. "आता काय पाहून आलात?"

जेथ्रोने सांगितलं. तिने हातातला सदरा पिळला, झटकला, दोरीवर घातला. मग दुसरा घेतला. तोही पिळला. मग एकदम खाली बसली.

"पळाला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"मी ओरडून सांगत होते. आणि तुम्ही बायबलवर हात ठेवून म्हणालात, मी पाहिला."

"हेस्टर, मी खरंच पाहिला होता."

"मढ्याला?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "सांगा काय पाहिलंत. त्या दिवशी मला कुणी आत येऊ दिलं नाही. आता मला सांगा. एकन् एक."

जेथ्रो सांगू लागला. "सकाळी टोबी मला म्हणाला, मास्तर, जेवणानंतर तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. दुपारची घंटा झाली. गोदीतले सगळे जेवायला बाहेर. मी वरच्या मजल्यावर भाकर खात होतो. तळातून ठोकण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कोण हा उत्साही गाढव. जेवणानंतर टोबी दिसला नाही. म्हटलं, गेला असेल प्यायला. संध्याकाळी घंटा झाली, माणसं फाटकाकडे निघाली. त्यांत टोबी. त्याची लाल टोपी, त्याचा पितळी बटणांचा कोट, पाठीवर तू लावलेलं ठिगळ. खांद्यावर ढलप्यांचा भारा."

गोदीच्या सुतारांचा तो हक्कच होता. तासकामातल्या ढलप्या, तुकडेटाकडे भाऱ्यात बांधून रोज संध्याकाळी घरी न्यायचे, चुलीला. दुरुस्तीपुरता टोबीलाही तो हक्क दिला होता. संध्याकाळी फाटकात शे-दीडशे भारे चालत असत. माणसं कमी, लाकडं जास्त.

"कुठल्या खांद्यावर?" हेस्टरने विचारलं.

"काय?"

"भारा. कुठल्या खांद्यावर होता?"

जेथ्रोने डोळे मिटले. जहाजावरून फाटक, फाटकाच्या डाव्या अंगाला दारवानाची खोली, आणि त्या बाजूचा चेहरा झाकणारा भारा.

"डाव्या."

हेस्टर हसली.

"मास्तर, त्या खांद्यावर त्याने कधी आपली पोरगी घेतली नाही. थंडीत कोटाचं ओझं लागलं तरी कण्हायचा. तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या डोळ्यांदेखत मोडला होता तो खांदा."

जेथ्रोने टोपी पाहिली होती, कोट पाहिला होता, भारा पाहिला होता. टोबी पाहिलाच नव्हता. पण जे पाहिलं ते त्याने बायबलवर हात ठेवून सांगितलं नव्हतं. जे समजला ते सांगितलं होतं. आणि त्यावर एका बाईची चौदा वर्षं गेली होती.

"उद्या ते त्याला अनोळखी म्हणून पुरणार," हेस्टर म्हणाली. "एकदा पुरलं की संपलं. मला त्याचं नाव पाहिजे, दगडावर. चर्चच्या आवारात, भिकाऱ्यांच्या कोपऱ्यात नाही. तुम्ही घालवलंत ते नाव. तुम्हीच आणा."

३

गोदीचा दारवान एमॉस डनेट आता सत्तरीचा होता, छातीत भाता वाजत होता. अजूनही तो फाटकाजवळच्या त्याच खोलीत राहत असे. फ्रेकच्या मेहेरबानीने.

"मला काही आठवत नाही," तो आधीच म्हणाला.

"मी अजून विचारलं कुठं?"

"तू विचारणार तेच आठवत नाही."

जेथ्रो बाकावर बसला. "एमॉस, तू चाळीस वर्षं हे फाटक राखलंस. कोण आत, कोण बाहेर, यापलीकडे तुझ्या डोक्यात काही शिरलंच नाही. लग्नाचा दिवस विसरलास, पण फाटक विसरणार नाहीस. टोबी गेला त्या संध्याकाळी कोण बाहेर गेलं नाही?"

एमॉस खोकला. बराच वेळ खोकला. विचार करायला खोकला बरा पडतो.

"मुकादम," तो शेवटी म्हणाला. "फ्रेक. रोज शेवटी जायचा, किल्ली मी त्याच्या हातात द्यायचो. त्या दिवशी आलाच नाही. अंधार पडेपर्यंत थांबलो, मग कुलूप लावून झोपलो. म्हटलं, कचेरीत काम करत बसला असेल."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी फाटक उघडलं," एमॉस हळूच म्हणाला, "तर तो बाहेरून आला. दाढी करून, स्वच्छ कपड्यात."



"कुलूपबंद फाटकातून माणूस बाहेर कसा गेला, हे तुला चौदा वर्षांत एकदाही वाटलं नाही?"

"वाटलं. कुणी विचारलं नाही."

"उद्या विचारतील. चर्चमध्ये सांगशील?"

"मला हे एकच छप्पर आहे, जेथ्रो." एमॉसने किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरला. "तुझ्या टोबीला आता छप्पर लागत नाही."

जेथ्रो दार आपटून बाहेर पडला. एमॉसला चार शिव्या घातल्या, मग स्वतःला आठ. एमॉस निदान गप्प बसला होता. तो स्वतः तर बोलला होता.

४

एमॉस बोलला नाही तर हातात उरतं काय? एक वाकडं हाड आणि बोल्टचं डोकं. मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर म्हणजे फ्रेकच्या टेबलावर जेवणारा पाहुणा. जेथ्रो पुन्हा 'फेथफुल'च्या तळात उतरला आणि ती आखूड फळी उजेडात धरली.

फळी ओकच्या लाकडी खुंट्यांनी बसवलेली होती. खुंटी ठोकली की तिचं डोकं चिरतात आणि चिरेत पाचरी मारतात, म्हणजे खुंटी फुगून कायमची धरते. ही पाचर मारायची तऱ्हा प्रत्येक कारागीर उस्तादाकडून शिकतो आणि मरेपर्यंत बदलत नाही. सॉल्टरीचच्या गोदीत दोन पाचरी, फुलीसारख्या. आजूबाजूच्या प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर फुली होती.

या फळीच्या सहाही खुंट्यांवर तीन पाचरी होत्या. त्रिकोणात.

दुपारच्या सुट्टीत, खाली मढं बसवून, घाम पुसत, कान दाराकडे लावून कुणीतरी ही फळी ठोकली होती. एवढ्या घाईत पाचरी मारायचं कारण काय? नुसत्या खुंट्याही फळी धरून राहिल्या असत्या. पण हात ऐकत नाही. उस्तादाच्या छड्या खाल्लेला हात खुनाच्या वेळीसुद्धा काम अर्धवट सोडत नाही.

उजव्या कुशीचं काम तेव्हा रूबेन पेलच्या टोळीकडे होतं. जेथ्रो फळी काखेत मारून पेलच्या अंगणात गेला आणि ती त्याच्या पायांशी टाकली.

"तुझं काम?"

पेलने फळी पाहिली, मग जेथ्रोकडे. "म्हाताऱ्या, तू मला खुनी म्हणतोयस की वाईट सुतार म्हणतोयस? आधी ते सांग, म्हणजे कुठे मारायचं ते ठरवतो."

"उजवी कूस तुझी होती."

"होती. आणि सगळी फुलीची आहे, जा बघ. त्रिकोण माझ्या टोळीतल्या कुणी मारला असता तर त्याचं मनगट मोडलं असतं मी. ही वरच्या नदीकडची तऱ्हा. तिकडच्या गोद्यांत मारतात असल्या पाचरी."

"इथे तिकडचं कोण होतं?"

"कारागिरांत? कुणी नाही." पेल थांबला. "साला, कुणीच नाही."

जेथ्रो परत फिरला. सकाळी चौकशी. आणि खुनी हात सापडला होता, फक्त त्या हाताला माणूस नव्हता.

५

सकाळी चर्चच्या पायऱ्या चढताना जेथ्रोला धाप लागली. दम घ्यायला त्याने दाराला हात टेकला.

ते दार सगळ्या गावाला ठाऊक होतं. भक्कम ओकचं, पितळी पट्टी लावलेलं: 'गिडियन फ्रेक याने स्वतःच्या हातांनी घडवून देवाला अर्पण केले, ईस्टर १७८६.' टोबी नाहीसा झाला त्यानंतरचं ईस्टर. गेली तेरा वर्षं लोक दर रविवारी त्या दाराला हात लावून आत जात होते.

जेथ्रोच्या तळव्याखाली काहीतरी खडबडीत लागलं. त्याने हात उचलला. मग कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला. मागून लोक म्हणू लागले, "सरक की, म्हाताऱ्या."

आत हाडं एका टेबलावर चादरीखाली होती. बारा पंच, त्यांतले नऊ गोदीतले. कॉरोनर थॉरल्ड घड्याळ बघत होता. फ्रेक पुढच्या बाकावर. हेस्टर सगळ्यांत मागे, उभी.

"मृत इसम अनोळखी," थॉरल्ड म्हणाला. "कवटीला इजा, बहुधा पडून..."

"मृत इसमाचं नाव टोबायस लग," जेथ्रो म्हणाला.

"हॅम्बल, तुम्हीच शपथेवर सांगितलं होतं की लग पळाला."

"मी खोटी साक्ष दिली. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतंय. त्याची शिक्षा मला नंतर द्या. आधी ऐका."

त्याने चादर बाजूला केली आणि वाकडी हासळी दाखवली. ज्याने फाटकातून डाव्या खांद्यावर भारा नेला तो टोबी नव्हता, टोबीच्या कोटातला दुसरा माणूस होता; म्हणून सापळ्याजवळ एक बटणही नाही. मग त्याने बोल्टचं डोकं टेबलावर ठेवलं. ते खणकन वाजलं.

"हे टोबीच्या मुठीत होतं. तो मला हेच दाखवणार होता. बोल्टांची नुसती डोकी ठोकली, खालचं तांबं विकून खाल्लं. बिस्केत कूस का उघडली ते आता समजलं? तुमच्यातल्या तिघांचे भाऊ होते त्या एकतीस जणांत. मी वर उभा राहून त्यांना मरताना ऐकलंय."



"चोराच्या मुठीत चोरीचा माल," फ्रेक शांतपणे म्हणाला. "कदाचित लगच तांबं चोरत असेल. साथीदाराने मारलं असेल. हॅम्बल, तुझं दुःख समजतो मी. वय झालंय तुझं."

"चोर अख्खा दांडा नेतो, साहेब. डोकं घेऊन कोण फिरतो?" जेथ्रोने फळी उचलली. "ज्याने मारलं त्याने ही ठोकली. सहा खुंट्या, प्रत्येकीवर तीन पाचरी, त्रिकोणात. रूबेन, या गावात असं कोण मारतं?"

"कुणी नाही," मागून पेल म्हणाला. "आम्ही फुली मारतो. पोटातून शिकून आलोय."

"एकजण मारतो. देवासाठी मारल्यात त्याने." जेथ्रो वळला. "पंचांनो, तुम्ही याच दारातून आत आलात. जाऊन बघा."

बारा माणसं उठली. थॉरल्ड म्हणाला, बसा. कुणी बसलं नाही. ती दाराशी गेली आणि एकेकाने खुंट्यांच्या डोक्यांवर बोट फिरवलं. अठ्ठावीस खुंट्या. अठ्ठावीस त्रिकोण.

फ्रेकचा चेहरा पहिल्यांदा हलला. "वरच्या नदीकडे हजार माणसं अशा पाचरी मारतात. मी तिकडे शिकलो, तो काय गुन्हा आहे? त्या दिवशी मी कचेरीत होतो, रात्रभर. फाटक बंद होतं. विचारा डनेटला."

त्याने सवयीने एमॉसकडे पाहिलं. चौदा वर्षं जसं पाहत आला होता तसंच, कुत्र्याकडे बघावं तसं. तिथेच तो चुकला.

एमॉस उठला. भाता वाजवत पुढे आला आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर, हाडांच्या शेजारी ठेवला.

"कचेरीत होतात तर सकाळी मी फाटक उघडलं तेव्हा बाहेरून कसा आलात, साहेब?" तो म्हणाला. "आत गेलेला मुकादम बाहेर पडला नाही. बाहेर पडलेला टोबी बाहेर पडलाच नव्हता. मी अडाणी माणूस. पण एवढा हिशेब मलाही येतो." मग तो जेथ्रोकडे न बघता म्हणाला, "झोपायला जागा बघ माझ्यासाठी."

फ्रेक दाराकडे निघाला. पण दारात पंच उभे होते, आणि ते बाजूला झाले नाहीत.

६

पंचांनी तिथेच लिहून दिलं: मृताचं नाव टोबायस लग, खून, करणारा गिडियन फ्रेक. थॉरल्डला सही करावी लागली. फ्रेकला मेडस्टोनच्या तुरुंगात नेलं ते त्याच गाड्यातून, जो हाडं न्यायला आला होता. एकतीस खलाशांबद्दल मात्र कुणी कागद केला नाही. आरमाराच्या वहीत टोबी अजून पळालेलाच आहे. लंडनहून उत्तर आलं की वही बदलत नसते. कागदाला लाज नसते, ती माणसाला असावी लागते.

पेलच्या टोळीने 'फेथफुल'च्या ओकची शवपेटी केली. खुंट्यांवर फुल्या मारल्या. चर्चच्या आवारात, यू नावाच्या सदाहरित झाडाखाली, खड्डा खणला.

उचलायच्या वेळी चार माणसं पुढे झाली. पेल, दोन पंच आणि जेथ्रो. जेथ्रो पेटीच्या डाव्या बाजूला गेला. तिकडून ती उजव्या खांद्यावर येते, त्याचा तोच खांदा धड होता. डाव्यात वाताने ठाण मांडलं होतं.

"तिकडे नाही, मास्तर," हेस्टर म्हणाली.

सगळे थांबले.

"या बाजूला या. डाव्या खांद्यावर घ्या." तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे माफी नव्हती, रागही नव्हता. "तुम्हाला तोच दिसला होता."

जेथ्रो पेटीला वळसा घालून आला, वाकला, आणि टोबीला डाव्या खांद्यावर घेतलं. दुखलं. त्याने खांदा बदलला नाही.